सहावी सही

३ मार्च

काल मी नेदर ऑस्विकच्या गावपरिषदेचा अध्यक्ष झालो. मिस्टर ड्यूहर्स्ट यांनी गुडघ्याचं कारण सांगून राजीनामा दिला. उरलेल्या सदस्यांनी आधी टेबलाकडे पाहिलं, मग छताकडे, आणि शेवटी माझ्याकडे. या गावात राहायला येऊन मला दोन वर्षंही झालेली नाहीत. इयन पासमोर मेंढ्या पाळतो आणि मेंढ्यांशी बोलतो तसाच माणसांशी बोलतो. तो म्हणाला, "तुम्हाला कागद वाचायची हौस आहे. आम्हाला नाही. झालं तर मग." मी हे कौतुक म्हणून घेतलं.

आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले. लोकांना वाटतं, आम्ही दावे नाकारायला बसलेलो असतो. तसं नाही. दावा बसतो की नाही एवढंच आम्ही पाहतो. बहुतेक बसत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?

ग्वेनला बातमी सांगितली तेव्हा ती खिडकीशी उभी राहून दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरत होती. "अभिनंदन, हॉवर्ड," ती म्हणाली. "मग आता तू काय काय करू शकतोस?"

इतका नेमका प्रश्न परिषदेत कुणी विचारला नव्हता.

६ मार्च

तीन दिवस कायदा वाचतोय. मजा येते आहे, हे इथेच कबूल करतो, बाहेर सांगण्यासारखं नाही.

गावपरिषदेच्या कायद्यात सगळी गंमत दोन शब्दांची आहे. एक 'शकते' आणि दुसरा 'पाहिजे'. परिषद रस्त्यावर दिवे लावू शकते. चौकात घड्याळ बसवू शकते. बाकं ठेवू शकते, विहिरीचं पाणी वापरात आणू शकते, बसथांब्यावर छप्पर घालू शकते, दफनभूमी चालवू शकते. आणि यातलं काहीही न करता वर्षभर चहा पिऊनही राहू शकते. 'केलंच पाहिजे' असं मात्र फार थोडं आहे. म्हणजे आम्ही शक्यतांचे श्रीमंत आणि कर्तव्याचे गरीब.

हे वाक्य मला फार आवडलं. नाश्त्याला ग्वेनला ऐकवलं.

"पाहिजे कुठे कुठे आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं. हिशेब ठेवले पाहिजेत, सभा घेतल्या पाहिजेत. आणि एक जुनी गंमत आहे: गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली, की आम्हाला भाजी लावायला परिषदेच्या जमिनीत वाफे हवेत, तर परिषदेने त्यावर विचार केलाच पाहिजे. आणि गावात मागणी आहे असं परिषदेचं मत झालं, तर वाफे दिलेच पाहिजेत. तिथे 'शकते' नाही.

टोस्टला मार्मलेड लावता लावता ग्वेनचा हात थांबला. "सहाच?"

"सहाच."

"दिलेच पाहिजेत?"

"मागणी आहे असं ठरलं तर. पण मागतंय कोण? सुपरमार्केट वीस मिनिटांवर आहे."

मी कामाचं काही बोललो की ग्वेन नेहमी रेडिओ लावते. आज लावला नाही. अध्यक्षपदाचा परिणाम असावा.

२० मार्च

अध्यक्ष म्हणून काल पहिली सभा. सभागृहाच्या साफसफाईचं काम कुणाला द्यायचं हा विषय होता, आणि अर्ज होता इयनच्या बायकोचा. इयन आपला खुशाल बसून. आमच्या चिटणीस डेबोरा स्टॅग यांनी घसा खाकरला, पण त्या स्वभावाने मऊ आहेत. शेवटी मीच म्हणालो, "मिस्टर पासमोर, बायकोचं हित ते नवऱ्याचंच हित. कायदा असं मानतो. तुम्हाला बाहेर जावं लागेल."

"बाहेर पाऊस आहे."

"पोर्चमध्ये उभे राहा."

तो गेला. विषय दोन मिनिटांत मंजूर झाला, पण त्याला आत बोलवायचं आम्ही विसरलो. ओला होऊन आल्यावर म्हणाला, "बायकोसाठी भिजायचे दिवस संपले असं वाटलं होतं मला. तुम्ही परत आणलेत, अध्यक्ष."

सगळे हसले. मीही हसलो. पण नियम तो नियम.

मग मी माझा मुद्दा मांडला. सभागृहामागे घोड्याचं जुनं कुरण आहे. घोडा मरून दहा वर्षं झाली, कुरण परिषदेचं आहे आणि गवत वाढण्यापलीकडे तिथे काही घडत नाही. तिथे खडी टाकून गाड्या लावायची सोय करावी. लग्न असो, नाहीतर अंत्यविधीनंतरचा चहा, लोकांच्या गाड्या चिखलात रुततात. सदस्यांनी माना डोलावल्या. इयनने डोलावली नाही, पण तो ओला होता.

खडी ही फार समजूतदार वस्तू आहे. पाणी मागत नाही, वाढत नाही, रुसत नाही. हे घर घेतलं तेव्हा सामान यायच्या आधीच मी मागचं अंगण उकरून खडी टाकून घेतली. लेस्टरच्या आमच्या जुन्या घराच्या बागेत ग्वेनने तीस वर्षं कंबर मोडून घेतली होती, म्हटलं आता तरी बिचारीला आराम मिळू दे. पहिल्या दिवशी तिने मागचं दार उघडलं आणि बराच वेळ नुसती पाहत उभी राहिली. भारावली असावी.

८ एप्रिल

खिडक्यांत टोमॅटोची रोपं इतकी झाली आहेत की दुपारी दिवा लावून वाचावं लागतं. मी म्हटलं, "ग्वेन, ही लावणार कुठे?" ती म्हणाली, "बघू."

वेल्समधून तिच्या बहिणीचा, नेरिसचा, हल्ली रोज फोन असतो. दोघी वेल्श बोलतात, मला काही कळत नाही. नेरिसचं घर टेकडीवर आहे, जमीन भरपूर आणि नवरा नाही. फोन झाला की ग्वेन फिरायला जाते. येते तेव्हा बुटांना चिखल असतो.

एकंदरीत ती फार शांत झाली आहे. लेस्टरला सारखं काहीतरी चाललेलं असायचं, हे उगवलं, ते किडलं, शेजारणीला दुधी नेऊन दे. आता तसं काही नाही. गाव तिला मानवलं.

२२ एप्रिल

काल मिसेस हेबडन दारात उभ्या. वय ऐंशीच्या वर, काठी हातात, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त.

"अध्यक्षसाहेब, हे घे," म्हणाल्या आणि एक कागद माझ्या छातीवर ठेवला. "सहा जणं आहेत. मोजून घे, तुला मोजायला आवडतं म्हणे."

कुरणात भाजीचे वाफे हवेत अशी मागणी होती. मला क्षणभर कळेना, हा शंभर वर्षांहून जुना नियम या बाईंना माहीत कसा. मी तसं विचारलंही.

"गावात माणसं बोलतात, बाळा. भिंतीला कान असतात, आणि काही भिंतींना बायका असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. माझे कांदे लावायचे दिवस उलटतायत, तेवढं बघ."

"मिसेस हेबडन, तुम्हाला या वयात वाफा कशाला?"

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "माझं घर वरच्या मजल्यावर आहे. दोन वर्षं मी कुंडीत एक गाजर लावते आणि त्याच्याशी बोलते. गाजराला माझा कंटाळा आलाय."

गमतीशीर बाई आहेत. पण कागद आला म्हणजे तपासणं आलं.

२५ एप्रिल

सापडलं!

सहावी सही मिस्टर क्विल्टर यांची आहे. ते जुन्या पाणचक्कीत राहतात, आणि ती चक्की ओढ्यावर आडवी बांधलेली आहे. ओढा ही आपल्या गावाची हद्द. मी नकाशा घेऊन गेलो. क्विल्टर म्हातारे, उंच, आवाज खर्जातला. त्यांनी मला घरभर फिरवलं.

"स्वयंपाकघर तुमच्या गावात," ते म्हणाले. "झोपायची खोली शेजारच्या. रोज रात्री मी जिना चढून परगावी जातो."

"आणि मतदान?"

"तिकडे. कर तिकडे. चहा इकडे."

"मग दिलगीर आहे. तुम्ही आमचे मतदार नाही. तुमची सही धरता येणार नाही."

त्यांना राग आला नाही. नुसते म्हणाले, "तिला फार वाईट वाटेल."

मिसेस हेबडन यांना म्हणत असावेत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतही दह्याच्या डब्यांतून टोमॅटोची रोपं होती. यंदा सगळ्या गावालाच हे वेड लागलेलं दिसतं.

परत येताना मला अगदी तरुण झाल्यासारखं वाटत होतं. चाळीस वर्षांचा हात अजून गेलेला नाही. पाच सह्या म्हणजे 'पाहिजे' संपलं आणि 'शकते' सुरू झालं. खडीचा मार्ग मोकळा.

२६ एप्रिल

रात्रीच्या जेवणाला मटणाचा खिमा भाजला होता ग्वेनने, वर बटाट्याचा थर. मी चक्कीची हकिगत रंगवून सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं.

"म्हणजे एक सही कमी पडते," ती म्हणाली.

"एक."

"सभेच्या आधी आणखी एक मिळाली तर?"

"तर नवा कागद धरावा लागेल. पण देणार कोण? इथले लोक सही करायला वर्ष लावतात."

"कुणाचीही चालेल?"

"गावातला कुणीही मतदार. इयनची चालेल, पाद्रीबाबांची चालेल. तुझीसुद्धा चालेल!" मी हसलो.

ग्वेन ताटं उचलून उठली. नळ सोडून बराच वेळ उभी होती. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे ऐकू आलं तिला. कान तपासून घ्यायला सांगितलं पाहिजे.

१० मे

ग्वेनने माळ्यावरची मोठी सूटकेस काढायला सांगितली. मीच शिडी लावून काढली. "कशाला?" म्हटलं. "ऊन द्यायला," म्हणाली. खरंच कुबट वास येत होता.

नेरिसचा फोन आता दिवसातून दोनदा असतो.

१५ मे

सभेची सूचना फळ्यावर लावली. फळ्याची काच मीच पुसली.

२२ मे

काल सभा झाली. काय लिहावं कळत नाही, तरी क्रमाने लिहितो, म्हणजे हात चालेल.

एरवी सभेला श्रोते म्हणून एक पाद्रीबाबा आणि एक पेंगणारे गृहस्थ असतात. काल खुर्च्या भरल्या होत्या. मिसेस हेबडन पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. तिसऱ्या रांगेत ग्वेन. मला फार बरं वाटलं. मला अध्यक्षपदावर बघायला ती पहिल्यांदाच आली होती. निळा कोट घातला होता, लेस्टरच्या फुलांच्या प्रदर्शनाला घालायची तो.

कुरणाचा विषय आला. मी उभा राहिलो आणि पाच सह्यांचं सगळं समजावून सांगितलं, ओढा, हद्द, जिना. लोक हसले. तेवढ्यात डेबोरा स्टॅग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अध्यक्ष, आज सकाळी नवी मागणी आली आहे. तुम्ही वाचून दाखवलीत तर बरं." आणि त्यांनी कागद सरकवला.

मी वाचू लागलो. एकेक नाव, एकेक पत्ता, सभेत वाचतात तशा आवाजात. हेबडन. नंतर खाटीक आणि त्याची मुलगी. टपालवाली. चर्चचे घंटावाले. पाच झाली. सहावं नाव वाचायच्या आधी मला अक्षर ओळखू आलं. तीस वर्षं बरण्यांवर पाहिलेलं अक्षर: मनुका, बीट, हिरव्या टोमॅटोची चटणी.

"ग्वेन टिलकॉट," मी वाचलं. "द फोल्ड, चर्च लेन."

पत्ता माझाच होता, तोही मी पूर्ण वाचला. सवयीने.

मिसेस हेबडन मोठ्याने म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी टपालवालीच्या दारात तीनदा गेले, आणि सहावी अध्यक्षाच्या स्वयंपाकघरात बसलेली."

खूप हसणं झालं. मी ग्वेनकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, अंगणाच्या खडीकडे पाहिलं होतं तशी. ते भारावणं नव्हतं. हे मला काल, तिथे, टेबलामागे उभा असताना कळलं. दोन वर्षं उशिरा.

मी बसणार तोच इयन पासमोर खुर्चीत मागे रेलला. आयुष्यात त्याला इतकं सुख कधी झालं नसेल.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "बायकोचं हित ते नवऱ्याचंच हित. कायदा असं मानतो."

डेबोरा पुटपुटल्या, "खरं आहे ते, हॉवर्ड."

खरंच आहे. मी अध्यक्षाची खुर्ची इयनला दिली, कागद सरळ केले आणि बाहेर गेलो. "पाऊस नाही," मागून इयन म्हणाला. "नशीबवान आहात."

कुरणाच्या फाटकाशी क्विल्टर पाइप ओढत उभे होते. "आत या की, ऐकायला सगळ्यांना मुभा आहे," मी म्हटलं. ते म्हणाले, "मी परगावचा माणूस, बरा इथेच." मग आम्ही दोघं फाटकावर हात टेकून उभे राहिलो. गवत कमरेएवढं वाढलं होतं. आत दिवे लागले होते आणि खिडकीतून डोकी दिसत होती, आवाज येत नव्हता.

"फेब्रुवारीपासून येते माझ्याकडे," क्विल्टर म्हणाले. "रोपं घेऊन. माझ्या घरामागे मातीची एक पट्टी आहे, टेबलाएवढी. तुमच्याकडे माती नाही म्हणाली."

"खडी आहे," मी म्हटलं.

"हो, सांगितलं तिने." त्यांनी पाइप झटकला. "जाल तेव्हा मला चुकल्यासारखं होईल हो. नेरिसकडे तिला जमीन मिळेल म्हणा. तुम्ही जूनमध्येच निघणार ना? दोघं?"

मी "हो" म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. दोघं, हो, असंच म्हणालो.

खिडकीत हात वर झाले. लांबून मला मोजता येईना. मी चाळीस वर्षं 'दावा बसत नाही' असं सांगून संध्याकाळी शांत जेवलो. समोरचा माणूस फाटकाबाहेर उभा राहून काय करत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. काल मला फार भीती वाटली. हात पुरेसे वर व्हावेत एवढंच वाटत होतं. तीन विरुद्ध दोन झालं. हे मला नंतर कळलं. इयनने वाफ्यांच्या बाजूने हात वर केला. म्हणाला, "मेंढ्यांनासुद्धा खडी आवडत नाही."

गावात मागणी आहे असं परिषदेचं मत ठरलं. म्हणजे वाफे दिलेच पाहिजेत.

ग्वेन आणि मी एकत्रच घरी आलो. दारात ती म्हणाली, "तुला बाहेर काढायचं माझ्या मनात नव्हतं, हॉवर्ड. मला एक वाफा हवा होता."

"मला सांगायचंस."

"दोन वर्षं खिडकीत उभी राहून सांगत होते."

२४ मे

आज दुपारी ग्वेनने हाक मारली, सूटकेस माळ्यावर ठेव म्हणाली. मी उचलली तर हलेना.

"ग्वेन, ही भरलेली आहे."

"थांब, रिकामी करते."

तिने ती पलंगावर उघडली. जाड स्वेटर निघाले. लोकरीचे मोजे, थंडीचा कोट, तिच्या आईचा ब्रूच, आणि तळाशी लेस्टरच्या बागेतले हातमोजे, बोटांना भोकं पडलेले. मे महिना आहे. बहिणीकडे आठवडाभरासाठी जाणारं कुणी थंडीचा कोट नेत नाही. मी पलंगाच्या कडेवर बसलो. ती एकेक वस्तू कपाटात लावत होती आणि मी तिच्या हातात एकेक देत होतो. घाबरलो होतो, हे खरं.

हातमोजे तिने कपाटात ठेवले नाहीत. खिशात घातले.

रिकामी सूटकेस अगदी हलकी होती. ती वर ठेवून शिडीवरून उतरलो तेव्हा ग्वेन मागचं दार उघडून खडीकडे बघत उभी होती.

"ही काढू या," मी म्हटलं.

"आधी तिकडचं होऊ दे. शनिवारी सगळे कुरण साफ करायला जमतायत. तू येऊ शकतोस."

"येऊ शकतो," मी विचारलं, "की आलं पाहिजे?"

तिने खरंच विचार केला. नेरिसला फोन करताना करते तसा चेहरा झाला होता.

"शकतोस," ती म्हणाली. "माझ्या बाजूने आता फक्त 'शकतोस' उरलंय, हॉवर्ड. पुढचं तुझं तू बघ."

माझ्याकडे चिखलात घालायचे बूट नाहीत. कधी लागलेच नाहीत. उद्या बाजारात जाऊन घेतलेच पाहिजेत.